नदी फक्त कंपन्यांनीच नासवली का?

कल्याण-मुरबाड रस्त्यावर रायत्याचा पूल आला की एसटीत कुणीतरी उल्हास नदीकडे बघून म्हणतंच, ‘कंपन्यांनी वाट लावली.’ हे अर्धंच खरं. अंबरनाथ-उल्हासनगरातून येणाऱ्या वालधुनी या तिच्या उपनदीत रसायनं ओतली जातात. २०१४ च्या अखेरीस टँकरमधून सोडलेल्या रसायनामुळे उल्हासनगरात अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. पण असल्या घटनेची बातमी होते. आपल्या संडास-मोरीचं पाणी रोज नदीत जातं, त्याची होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकड्यांनुसार महाराष्ट्राच्या शहरांत दिवसाला ९,१०७ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि शुद्धीकरणाची क्षमता आहे ६,८९० दशलक्ष लिटरची. तीही उभारलेली, चालू असलेली त्याहून कमी. उल्हासकाठच्या बदलापूरची वस्ती २००१ साली लाखाच्या आत होती, २०११ ला पावणेदोन लाखांच्या घरात गेली. इमारत दोन वर्षांत उभी राहते, मलवाहिनी रेंगाळत मागून येते.

जलपर्णीने नदी बिघडते असं म्हणतात. खरं तर बिघडलेल्या नदीतच ती माजते, कारण सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस हे तिचं खत. मशीन लावून काढा, खत थांबलं नाही तर पुन्हा येणारच.

असं नदीचं पाणी उकळलं की झालं? जंतू मरतात, जड धातू जिथल्या तिथे राहतात. नितळपणावरही जाऊ नये, विरघळलेलं काही डोळ्यांना दिसत नाही. आणि पावसाळ्यात नदी धुऊन निघते म्हणावं, तर पूर ओसरल्यावरही गटार चालूच असतं.

मुरबाड तालुक्यात धसईकडे वेगळंच ऐकू येतं: ‘आम्ही वरच्या अंगाला, आमचा काय संबंध?’ कल्याणची घाण वर चढून येणार नाही, हे बरोबर. पण तालुक्यातलं पाणी काळू-बारवी नद्यांतून शेवटी उल्हासलाच मिळतं. बाजारपेठेच्या गावांत घरं वाढतात तशा सेप्टिक टाक्याही वाढतात, आणि टाकी बांधली म्हणजे मैला शुद्ध झाला, हा मला सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज वाटतो. टाकीत मैला तळाशी बसतो, एवढंच. वरचं पाणी रोगजंतूंसकट बाहेर पडतं. ते शोषखड्ड्यात जायला हवं. खर्च वाचवायला पाइप गटाराला जोडला की ते ओढ्याला लागतं. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते ती वेगळीच. उपसणाऱ्याला पैसे देताना एवढं तरी विचारावं, की टँकर रिकामा कुठे करणार?