संगणकीय गणनेंतील अस्सल प्रत

अस्सल पत्र व त्याची नक्कल यांतील भेद या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. तोच प्रश्न सांप्रत संगणकावर गणित करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढें उभा आहे, म्हणून त्याची हकीकत येथें देत आहों.

कोणताही प्रोग्राम एकटा चालत नाहीं. अनेक सहायक प्रोग्राम व ऑपरेटिंग सिस्टिम यांचा त्यास आधार लागतो. यांपैकीं एक पालटलें तरी उत्तर पालटण्याचा संभव असतो. सन २०१२ मध्यें ग्रोनेनशिल्ड व त्यांचे सहकारी यांनीं मेंदूचीं तींच चित्रें 'फ्रीसर्फर' नामक प्रोग्रामच्या तीन आवृत्त्यांकडून मोजविलीं. आवृत्तीगणिक मेंदूच्या भागांच्या घनफळांत सरासरी ८.८ टक्के फरक निघाला. केवळ यंत्र किंवा सिस्टिम बदलल्यानेंही सुमारें त्याच्या निम्मा फरक पडला. मेंदूच्या ऱ्हासाच्या अभ्यासांत रोगाचे म्हणून जे फरक नोंदले जातात, तेही साधारण एवढेच असतात!

यावर योजलेला उपाय म्हणजे कंटेनर. प्रोग्राम व त्याचा सर्व परिवार एका गाठोड्यांत बांधावयाचा आणि दुसऱ्या यंत्रावर तें तसेंच उलगडावयाचें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'डॉकर'नें ही पद्धति रूढ केली. परंतु त्याचा व्यवस्थापक मूळ रचनेंत यंत्राच्या सर्वाधिकारानें चालतो. अनेकांच्या सामाईक महासंगणकावर हें कोण चालूं देणार? बर्कली येथील प्रयोगशाळेंत ग्रेगरी कुर्ट्झर यांनीं २०१५ मध्यें आरंभिलेल्या 'सिंग्युलॅरिटी'नें ही अडचण टाळली. तींत गाठोड्याच्या आंतही वापरणाराचा अधिकार बाहेर होता तेवढाच राहतो. २०२१ पासून त्या मूळ प्रकल्पाचें नांव 'ॲपटेनर' आहे.

खरी मेख मात्र पुढेंच आहे. गाठोडें बांधण्याची कृति जपली म्हणजे गाठोडें जपलें, ही समजूत आमच्या मतें भ्रममूलक होय. कृतींत 'अमुक लायब्ररी आणावी' एवढेंच लिहिलें असेल, तर आज एक आवृत्ति येईल व दोन वर्षांनीं दुसरी. 'लेटेस्ट' ही चिठ्ठीही कुचकामाची. तीच उद्यां निराळ्या गाठोड्यास लागते. विश्वसनीय खूण एकच: आंतील मजकुरावरून काढलेली एसएचए-२५६ ही ६४ अक्षरांची मुद्रा. मजकुराचें एक अक्षर फिरलें तरी मुद्रा फिरते. अशी सोय आमच्या बखरींस असती, तर संपादकांचे कितीएक वाद वाचले असते! निबंधांत ही मुद्रा द्यावी, आणि कृति व प्रत या दोन्ही संग्रहीं ठेवाव्या.

तथापि सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, गाठोड्यांत नसतो. तो ज्या त्या यंत्राचाच. इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठीं बांधलेलें गाठोडें आर्म जातीच्या प्रोसेसरवर सरळ चालतही नाहीं. सबब गणित कोणत्या यंत्रावर व कोणत्या कर्नेलवर केलें, याची नोंद निबंधकारास स्वतंत्रच करावी लागते.