शीग, काठ आणि काटा

‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ असं आपण सहज लिहितो. ही शीग धान्याच्या मापावरची. शेर किंवा पायली काठोकाठ भरल्यावरही वर धान्याचा जो ढीग उभा राहतो, ती शीग. शिगोशीग भरलेलं माप आणि काठावरून हात फिरवून सपाट केलेलं माप यांत मूठमूठ धान्याचा फरक. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. ही सगळी भरून घेण्याची मापं. शिवाय वजनाचाही शेर होता, ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. १९५६च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि काही वर्षांत वाण्याकडच्या तराजूत किलो स्थिरावला. स्वयंपाकघरात मात्र भरून घेणंच चालू राहिलं, वाटीच्या रूपात.

वाटीवर माझा जीव आहे. कमलाबाई ओगले यांनी ‘रुचिरा’त वाटी-चमच्याची मापं दिली आणि किती जणांना स्वयंपाकाचा धीर आला! वाटी प्रमाण सांगते. शंकरपाळ्यांना एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप. वाटी लहान असो की मोठी, तिन्हींना तीच घेतली की जमतं. मैदा मात्र ‘मावेल तेवढा’. या दोन शब्दांत फार शहाणपण आहे, कारण वाटीने मोजायला पिठाइतकी अवघड वस्तू नाही.

हे मला चकल्यांनी शिकवलं. आईचं माप होतं, चार वाट्या भाजणीला पाव वाटी मोहन. माझ्याकडे किलोभर भाजणी विकतची आलेली. माझ्या वाटीत १५० मिलिलिटर पाणी मावतं, म्हणून पीठही १५० ग्रॅम धरलं आणि किलोच्या पावणेसात वाट्या काढल्या. खरं तर त्या साडेदहाच्या आसपास होत्या. मोहन कमी पडलं आणि चकल्या अशा कडक झाल्या, की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या खाताच आल्या नाहीत. ते अजून मनाला लागतं.

पाणी मिलिलिटरला एक ग्रॅम भरतं. दूध किंचित जड, तेल-तूप हलकं. त्याच वाटीत तूप सुमारे १३७ ग्रॅम, साखर साधारण १२५, रवा १०५च्या आसपास. मध चांगला २१० ग्रॅमपर्यंत जातो. साखरेचे दाणे दाबले जात नाहीत, त्यामुळे ती दरवेळी जवळपास तेवढीच भरते. पिठाच्या कणांमध्ये हवा असते. चाळलेला मैदा चमच्याने हलकेच वाटीत सोडला तर ७५ ग्रॅम, डब्यात वाटी खुपसून ठोकून भरला तर ९५. वाटी तीच, मैदाही तोच, आणि फरक चौथ्या हिश्शाहून जास्त! पिठीसाखरेचं आणि बेसनाचंही असंच. म्हणून बेसनाच्या लाडवांत पिठीसाखर कधी वाटीने आणि कधी ग्रॅमने घेतली, की चव हमखास बदलते.

परदेशी कृती वाचताना आणखी सांभाळावं लागतं. अमेरिकेतला कप सुमारे २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५०चा. तिथला मोठा चमचाही २० मिलिलिटरचा, इतरत्र बहुधा १५चा. राइस कुकरबरोबर येणारा प्लॅस्टिकचा कप तर जपानी मापाचा, १८० मिलिलिटरचा.

तेलाच्या बाबतीत तापमानही आडवं येतं. तापलं की तेल पसरतं. सोयाबीनचं एक लिटर तेल २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना साधारण ८९३. पिशवीवर ६० अंश छापलं की लिटर पुरं दिसतं, पण वजनात तेल कमी येतं. ऑगस्ट २०२२मध्ये केंद्र सरकारने उत्पादकांना तापमानाचा उल्लेख काढून लिटरसोबत खरं वजन छापायला सांगितलं. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. पिशवी घेणाऱ्याला हिशेब करता आला पाहिजे.

घरी एवढंच करा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. आधी पाणी भरा, त्यावरून वाटीचं माप कळेल. मग वाटी कोरडी करून आपल्या नेहमीच्या सवयीने मैदा, बेसन, रवा, साखर भरून पाहा आणि आकडे कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. सवय तुमचीच हवी, दुसऱ्याच्या हाताचे आकडे तुमच्या वाटीला लागू पडणार नाहीत.

यंदा किलोभर भाजणीला ९० ग्रॅम कडकडीत तेल घातलंय. आईच्या चार वाट्यांना पाव वाटी या प्रमाणाचंच ते वजन.