पेराएवढं यंत्र आणि घरभर इंटरनेट

मैत्रिणींनो, बिऱ्हाडात एकच नळ असला की सगळ्यांनी भांडी घेऊन त्याच्याचपुढे ताटकळायचं, हे तुम्हाला काही नव्यानं सांगायला नको. आमच्याकडे इंटरनेटचं तसंच झालं होतं. केबलवाल्यानं वायर आणली आणि ती थेट बाहेरच्या खोलीतल्या संगणकाला जोडून दिली. राउटर घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. बाकीच्यांनी मोबाइलच्या रोजच्या पॅकवर भागवायचं!

२०२० साली टाळेबंदी आली. संगणकावर ह्यांचं ऑफिस आणि माझ्या मोबाइलवर मुलीची शाळा. एकदा तिची चाचणी चालू असतानाच पॅक संपला आणि शेवटचे चार प्रश्न राहून गेले. पोर रडली, मी ह्यांच्यावर चिडले, हे केबलवाल्यावर! शेवटी भाच्यानं फोनवर सुचवलं, ‘मामी, यूएसबी वाय-फाय अडॅप्टर आणा. काही शे रुपयांत काम होईल.’

दुकानं उघडल्यावर मी गेले, आणि दुकानदारानं दिलेलं पुडकं तसंच पिशवीत टाकलं. घरी येऊन पाहते तर ते ब्लूटूथचं! दिसायला दोन्ही अगदी सख्ख्या बहिणी. म्हणून वेष्टनावर ‘वाय-फाय’ हा शब्द वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. सिमकार्ड घालायचा डोंगल वेगळा, हेही लक्षात ठेवा. या अडॅप्टरमध्ये स्वतःचं इंटरनेट नसतं. ते असलेलं इंटरनेट वायरीशिवाय इकडून तिकडे पोचवतं, एवढंच.

त्याचा उपयोग दोन्ही बाजूंनी होतो. घरात राउटर असेल, तर वाय-फाय नसलेला जुना संगणक अडॅप्टर लावून त्यावर चालतो. नवा घ्यायची घाई नको. आमच्यासारखं उलटं असेल, म्हणजे वायर संगणकाला आणि तहान मोबाइलला, तर विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकाच्या सेटिंग्जमध्ये ‘मोबाइल हॉटस्पॉट’ नावाची सोय आहे. ती चालू केली की तोच संगणक वाय-फाय वाटू लागतो. एका वेळी आठ उपकरणं जोडता येतात. मात्र सगळीच अडॅप्टरं हे वाटपाचं काम करत नाहीत, तेव्हा घेतानाच विचारा. आणि संगणक झोपला की वाय-फायही झोपतं! त्याची आपोआप झोपायची वेळ लांबवून ठेवा.

पहिल्यांदा लावताना ड्रायव्हर लागतो. काही अडॅप्टरांबरोबर त्याची सीडी येते, आणि सीडी घालायला संगणकात जागाच नसते. अशा वेळी मोबाइल चार्जिंगच्या वायरीनं संगणकाला जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, मोबाइलचं नेट संगणकाला मिळतं. कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून घ्या.

आता जागा. आम्ही ते संगणकाच्या पाठीमागे खोचलं, तर स्वयंपाकघरात रेंज येईना. मध्ये तो पत्र्याचा डबा, त्यात भिंत. हातभर लांबीची यूएसबीची जोडवायर आणून अडॅप्टर टेबलावर ठेवलं आणि फरक पडला. मायक्रोवेव्ह चालू केला की व्हिडिओ अडकायचा, त्याचंही कारण कळलं. २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह यांच्या लहरी जवळजवळ सारख्याच. ५ गिगाहर्ट्झचंही चालणारं अडॅप्टर घेतलं तर हा त्रास टळतो, वेगही जास्त. पण त्या लहरी भिंतीपलीकडे लवकर दमतात. आमची भिंत जाड, म्हणून आम्ही २.४ वरच राहिलो आणि भाजी गरम करायला गॅस वापरू लागलो.

पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो. मोबाइल नंबर किंवा मुलांची नावं ठेवू नका. शेजारणी पूर्वी विरजण मागायला यायच्या, आता पासवर्ड मागतात. नाही म्हणणं जड जातं, मान्य. पण तुमच्या जोडणीवरून कुणी भलतंसलतं केलं, तर चौकशी तुमच्या दारी येईल. मी सरळ ह्यांचं नाव पुढे करते, ‘पासवर्ड त्यांनाच ठाऊक!’

पुढच्या चाचणीला मुलगी माझ्याशेजारी, ओट्याजवळच्या स्टुलावर बसली होती. पेपर पुरा झाला. संगणक तेवढा रात्री बंद करायचा राहिला, आणि तो कुणी करायचा यावरून आमच्याकडे अजून वाद चालू आहे.