विद्वत्संस्थेची स्मृती आणि सहकार्याची साधने

अधिवेशने भरविली आणि निबंध प्रसिद्ध केले की शास्त्रीय संस्थेचे कार्य संपले, असे नाही. कोणते संशोधन कोणाचे, ते केव्हा प्रकट झाले आणि पुढे त्यात कोणती दुरुस्ती झाली, याची विश्वसनीय नोंद राखणे हेही तिचे कर्तव्य होय. संगणकीय भाषाविज्ञानाच्या क्षेत्रात हे कार्य सामुदायिक सहकार्याने कसे चालते, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

या विषयाची आंतरराष्ट्रीय संस्था, असोसिएशन फॉर कंप्युटेशनल लिंग्विस्टिक्स, १९६२ साली यांत्रिक भाषांतराच्या संदर्भात स्थापन झाली. १९६८ मध्ये तिने सध्याचे नाव धारण केले. २००२ मध्ये स्टीव्हन बर्ड यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला तिचा ‘ॲन्थॉलॉजी’ हा निबंधसंग्रह सर्वांस विनामूल्य खुला आहे. निबंधांची शीर्षके, लेखकांची नावे इत्यादी तपशील ‘गिटहब’ या सामायिक व्यवस्थेत ठेवलेला असतो. चूक आढळल्यास कोणाही वाचकाने ती तेथे कळवावी. कार्यकर्ते ती मूळ निबंधाशी ताडून पाहतात आणि मगच बदल करतात. कोणी, केव्हा, काय बदलले याचा वृत्तांतही मागे राहतो. सूचनेचा अधिकार सर्वांना, स्वीकृतीचा मात्र मोजक्यांना, असे या रचनेचे सूत्र आहे. लेखकाने निबंध सुधारला तरी जुनी प्रत उपलब्ध राहते. निबंध मागे घेतला गेल्यास तसा शेरा नोंदला जातो.

खरी अडचण नावांची आहे. दोन अभ्यासकांचे नाव एकच असते. उलट, एकच अभ्यासक कोठे आद्याक्षरांनी, कोठे पूर्ण नावाने लिहितो. मराठी नावात वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये येते, विवाहानंतर आडनावही अनेकदा बदलते. अशा वेळी एका व्यक्तीचे कार्य दोघांत विभागले जाते, किंवा दोघांचे एकाच्या नावावर जमा होते. अक्षरसाम्य यंत्राला दाखविता येते. व्यक्ती एकच आहे की नाही, हे केवळ तेवढ्यावरून ठरत नाही. तेथे अभ्यासकांची परस्परांविषयीची माहितीच उपयोगी पडते.

याहून नाजूक प्रश्न स्वेच्छेने नाव बदलणाऱ्या लेखकांचा. पूर्वीच्या निबंधांतही नवे नाव घालून घेण्याची मुभा या संस्थेने दिली आहे. येथे जुने जसेच्या तसे जपण्याचे तत्त्व आणि व्यक्तीचा स्वतःच्या नावावरील हक्क यांत विरोध उद्भवतो. सहकार्याचे साधन कितीही कार्यक्षम असले, तरी अशा विरोधाचा निवाडा ते करीत नाही. तो विचारपूर्वक नियम करून संस्थेलाच करावा लागतो.