‘अर्सोडिऑक्सिकोलिक’ गोळी : ना पित्तशामक, ना यकृताचे टॉनिक

आपल्या बोलण्यात ‘पित्त झाले’ म्हणजे छातीत जळजळ, आंबट ढेकर आणि डोकेदुखी. हा त्रास प्रामुख्याने जठरातील आम्लाचा असतो. वैद्यकशास्त्रातील पित्तरस वेगळा. तो यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि स्निग्ध पदार्थांच्या पचनास साहाय्य करतो. या गल्लतीमुळे अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल या औषधाबद्दलही गैरसमज होतो. आम्लपित्ताच्या जळजळीवर त्याचा उपयोग नाही.

लॅटिन भाषेत ‘अर्सस’ म्हणजे अस्वल. अस्वलाच्या पित्तात हे आम्ल विपुल असते. माणसाच्या पित्तात ते अत्यल्प आढळते. जपानमध्ये 1927 साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. आजच्या गोळ्यांसाठी अस्वलाची गरज नाही. औषध प्रामुख्याने गुरांच्या पित्तातील आम्लापासून रासायनिक प्रक्रियेने तयार होते.

पित्तातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण घटवणे आणि यकृतपेशींना अपायकारक पित्ताम्लांपासून संरक्षण देणे, ही त्याची मुख्य कार्ये. पित्ताशयातील खडे त्याने विरघळू शकतात, परंतु सगळेच नव्हेत. खडे लहान, कोलेस्टेरॉलचे व कॅल्शियमविरहित असावे लागतात आणि पित्ताशय कार्यक्षम असावे लागते. उपचार सहा महिने ते दोन वर्षे चालतो. औषध थांबवल्यावर पाच वर्षांत जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये खडे पुन्हा होतात. म्हणूनच वारंवार दुखणाऱ्या खड्यांवर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया हाच प्रमुख उपाय मानला जातो.

या औषधाचे खरे महत्त्व ‘प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस’ या विकारात आहे. मुख्यतः मध्यमवयीन स्त्रियांना होणाऱ्या या विकारात यकृतातील सूक्ष्म पित्तनलिका हळूहळू नष्ट होतात. थकवा आणि अंगाची खाज ही त्याची लक्षणे. दररोज प्रतिकिलो वजनामागे 13 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलो वजनास सुमारे 800 ते 900 मिलिग्रॅम, अशी मात्रा सहसा आयुष्यभर घ्यावी लागते. त्यामुळे विकाराची वाटचाल मंदावते.

मात्रा वाढवली म्हणून गुण वाढतोच असे नाही. ‘प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस’ या दुसऱ्या विकारात प्रतिकिलो 28 ते 30 मिलिग्रॅम मात्रा देऊन पाहिलेल्या, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध घेणाऱ्यांमध्येच गंभीर परिणाम अधिक आढळले. गरोदरपणातील पित्तावरोधावरही ते दिले जाते. मात्र 2019 च्या ब्रिटिश चाचणीत बाळाच्या धोक्यात लक्षणीय घट दिसली नाही. ‘फॅटी लिव्हर’साठी तर त्याचा नेमाने वापर करण्याची शिफारस नाही. तेथे वजन घटवणे आणि मद्य टाळणे हेच उपयुक्त.

सामान्यतः औषध सुरक्षित आहे. पातळ शौच हा सर्वाधिक आढळणारा दुष्परिणाम. ॲल्युमिनियमयुक्त आम्लनाशके व कोलेस्टायरामिन यांमुळे त्याचे शोषण घटते. म्हणून दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे. पित्तनलिका पूर्ण बंद असल्यास किंवा पित्ताशयास तीव्र सूज असल्यास ते घेऊ नये.

उजव्या बरगडीखाली असह्य कळ, थंडी वाजून ताप आणि कावीळ ही लक्षणे एकत्र दिसल्यास घरी गोळी घेत बसू नये. पित्तनलिकेत खडा अडकून जंतुसंसर्ग झाल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे. विलंब प्राणावर बेतू शकतो.