बोकेतला न बोलायचा 'ह'

म्हापशात बोडगेश्वराच्या जत्रेत लेन्सचं अॅपर्चर एफ १.८ वर उघडून जवळचा चेहरा टिपला, की मागच्या दुकानांवरचे दिवे विरघळून त्यांचे मऊ गोल ठिपके होतात. फोकसबाहेरच्या या धूसरपणाला, खरं तर त्याच्या पोताला, फोटोग्राफर जो शब्द वापरतात तो मूळ जपानी. कोणी त्याला बोकेह म्हणतं, कोणी बोका, तर कोणी थेट फुलांचा बुकेच करून टाकतं. जपानीत तो सरळ 'बोके' आहे: दोन अक्षरं, दोन्ही आखूड, इंग्रजीसारखा कुठेही जोर नाही. रोमन लिपीतल्या शेवटच्या 'एच'ची हकिगत वेगळी. १९९७ मध्ये 'फोटो टेक्निक्स' या अमेरिकी मासिकाचे संपादक माइक जॉन्स्टन यांनी तो मुद्दाम जोडला, कारण त्याशिवाय इंग्रजी वाचक 'स्मोक'च्या चालीवर 'बोक' म्हणून मोकळा झाला असता. म्हणजे तो एच आधीचा 'ए' गिळला जाऊ नये म्हणून आहे, स्वतः बोलला जाण्यासाठी नाही. देवनागरीत 'के'वर मात्रा असताना ही राखण कशाला हवी?

रोमन अक्षरांवर किती विसंबावं, हे खरं तर गोव्याला कोणी शिकवायला नको. पेडणे तालुक्याच्या रोमन नावात शेवटी 'एम' आहे. कोकणी 'पेडणें'मधला अनुस्वार पोर्तुगीज वळणाने तसा लिहिला गेला. पण परका प्रवासी तो एम ओठ मिटून म्हणतो आणि मधल्या 'ड'चा 'र' करतो. म्हापशाचा 'मापुसा' होतो तोही असाच. गावाच्या नावाचं असं झालेलं ज्यांना खटकतं, त्यांनी बोकेच्या मागे 'ह' लावावा हे जरा गमतीचंच.

यावर कोणी म्हणेल, उसना शब्द घेणाऱ्याच्या तोंडात बदलतोच. 'जिनरिकिशा'ची रिक्षा झाली, तिला आपण जपानला परत पाठवत नाही. मुद्दा रास्त आहे. पण रिक्षा लोकांच्या जिभेवर घासून घडली आणि 'क्ष' घेऊन आपली झाली. बोकेहमधला ह कोणाच्या जिभेने घडवलेला नाही, तो स्पेलिंग वाचून आला आहे. 'कराओके'तला तोच आखूड 'के' आपण कसलीही तक्रार न करता म्हणतोच की. राहिला सगळ्यात हसरा आक्षेप: मराठीत बोके म्हटलं की मांजरं आठवतात. आठवू देत. जपान्यांनाही याच उच्चाराने म्हातारपणीचा विसरभोळेपणा आठवतो, त्यामुळे त्यांचं फोटो काढणं काही थांबलेलं नाही. आणि 'या लेन्सचं बोके छान आहे' हे ऐकून दुकानात कोणी मांजर शोधणार नाही.