टोपी, चुना आणि गोळी

आज बोलूया आपल्या रोजच्या शब्दांबद्दल.

ताप आला की आपण गोळी घेतो. बंदुकीतूनही गोळीच सुटते. आणि कुणी 'गोळी दिली' म्हणजे खोटं सांगून वेळ मारून नेली. बार बंदुकीचा, बार तंबाखूचा, अन् लग्नाचाही बार उडतो! घोडा टांग्याला असतो, तसा बंदुकीलाही असतो. तो ओढला की गोळी सुटते.

फसवणुकीचे शब्द तर थेट घरातलेच. पाठीवर थाप मिळाली तर कौतुक, 'थाप मारली' तर खोटं. टोपी डोक्यावर शोभते, पण 'टोपी घातली' म्हणजे फसवलं. चुना पानाला लागतो, आणि आपल्या पैशालाही.

हे शब्द ऐकून हसू येतं. मग जिचे पैसे गेले तीच लाजून गप्प बसते. म्हणून गटात कुणी असं सांगितलं तर आपण हसायचं नाही. तक्रारीत सरळ 'फसवणूक' लिहायचं. किती रुपये, कधी, कोणत्या नंबरवरून, तेही लिहायचं. फोनवरून किंवा ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.